मेलेल्याचा चहा

लहानूजी रामटेके आजवर हजारेक वेळा तरी मेले असतील. सुऱ्याने मेले, बंदुकीने मेले, विषाने मेले, आणि एकदा तर सासऱ्याच्या शिव्याशापांनी जागच्या जागी छाती धरून मेले. पूर्व विदर्भात, झाडीपट्टीच्या नाटकांत सत्तावीस हंगाम त्यांनी हेच काम केलं. दिवाळी सरली, धान घरात आलं की गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाटकं उभी राहायची आणि त्यांतल्या एखाद्या अंकाच्या शेवटी लहानूजी पडायचे. आवाज किनरा आणि उंची बेताची असल्यामुळे त्यांना नायक कोणी केलं नाही. पण मरायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता, असं खुद्द त्यांना मारणारे रुपराव सांगतात. रुपराव म्हणजे त्यांच्या नाटक कंपनीचे खलनायक. आता दोघंही सत्तरीच्या पलीकडे आहेत. गुडघे गेले तशी नाटकं सुटली, आणि लहानूजींनी नागपुरात गांधीबागेच्या मागच्या बोळीत शाळांच्या गॅदरिंगला लागणारे ड्रेस भाड्याने देण्याचं दुकान टाकलं. रुपराव रोज पाच वाजता तिथे येतात. येताना टपरीवरून चहा आणतात आणि पहिला कट चहा स्वतःच्या हाताने लहानूजींना देतात. असं का, ते पुढे सांगतो.

माझ्या घरात आज जे हसणं-खिदळणं आहे ते या माणसामुळे आहे. उपकार मानायची मला फारशी सवय नाही, बायको तर म्हणते मुळीच नाही. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी सुशील. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात एकोणीस वर्षं सेल्समन आहे. दिवसभर गिऱ्हाइकापुढे थान उलगडायचं, ते नाक मुरडून गेलं की पुन्हा घडी घालायची, आणि वर हसायचं. शेठ म्हणतात, दुकानात डोकं बर्फाचं पाहिजे. माझं असतंही. पण तो बर्फ संध्याकाळी सातपर्यंतच पुरतो. दुकान सोडून जरीपटक्याला घरी जाताना जो कोणी गाडीच्या आडवा यायचा त्याची मग खैर नसे. हॉर्न वाजवायचा, काच खाली करायला लावायची, त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. इंदोरा चौकातले फुगेवालेसुद्धा मला ओळखत असतील.

त्यात मोबाईलची भर पडली. आम्हा सेल्समन लोकांचा एक ग्रुप होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्यावर मारामारीचे व्हिडिओ यायचे. कुठे कोणी कोणाला काठीने मारतंय, कुठे भररस्त्यात कोणी कोणावर धावून जातंय, आणि चार जण मोबाईल वर धरून उभे. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. मग नुसती उत्सुकता राहिली. मग पोहे खाता खाता पाहता यायला लागलं. हे नेमकं कधी झालं ते मला सांगता येणार नाही. दूध नासतं तसं होतं हे, झाल्यावरच कळतं.

दुसरा परिणाम तर माझ्या ध्यानातही आला नाही. मी घाबरट झालो होतो. रोज असलं पाहून मला वाटायला लागलं की सगळं नागपूर माझ्याच डोक्यात काठी घालायला टपून बसलंय. दुकानात कापड मोजायचा एक जुना लोखंडी गज होता. टोकं झिजून तो आखूड झाला होता, म्हणून शेठनी बाद केला. तो मी घरी आणला आणि स्कूटरच्या पायाशी ठेवायला लागलो. बायकोने, मेघाने, विचारलं, "हे कायले?" मी म्हणालो, "असू दे. आजकाल रस्त्यावर कोण कसा भेटन, सांगता येते का?" कापड मोजणाऱ्या माणसाने गज असा वापरायचा नसतो, एवढी साधी अक्कल मला सुचली नाही.

आमची मुग्धा तेव्हा तिसरीत होती. सकाळी तिला शाळेत सोडणं हे माझं काम. मागे बसून ती माझ्या पोटाला मिठी मारायची. माझ्या पोटाच्या घेरापुढे तिची बोटं एकमेकांत अडकायची नाहीत, आणि त्यावरून ती मला रोज चिडवायची, "पपा, तुमाले गजानं मोजा लागते." दिवसातला माझा सगळ्यात चांगला वेळ तोच होता.

डिसेंबरात ती मिठी बंद झाली. ती मागची लोखंडी कडी धरून बसायला लागली, माझ्यापासून वीतभर लांब. विचारलं तर म्हणे, पोट गरम लागते. मग जेवण कमी झालं. झोपेत दात खाऊ लागली. भांडं पडलं तरी दचकायची. मी घरी आलो की दारातच विचारायची, "पपा, आज कोणाशी भांडले नाही ना?" मला त्याचं कौतुक वाटायचं. बापाची किती काळजी करते पोरगी! त्याच आठवड्यात गाडीवरचा गज नाहीसा झाला. समोर प्लंबरचं काम चाललं होतं, त्यानेच उचलला असणार असं मी ठरवलं आणि त्या बिचाऱ्याशी अर्धा तास भांडलो. मुग्धा खिडकीतून पाहत होती.

मेघा म्हणाली, "पोरगी कशाले तरी भेऊन राहिली आहे. तुमी तिच्याशी शांतपणे बोला." मी शांतपणे बोलण्याऐवजी शाळेत गेलो आणि तिच्या मॅडमवर आवाज चढवून आलो. शाळेतच काहीतरी झालं असणार, घरात काय होणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

जानेवारीत गॅदरिंग होतं. मुग्धा चिमणी होणार होती. दुकानाला सुटी होती त्या दिवशी पाचच्या सुमारास मी तिला घेऊन लहानूजींच्या दुकानात गेलो. त्याआधी मी त्यांना ओळखतही नव्हतो. दारात वाघाची, गाजराची, फुलपाखराची सोंगं टांगलेली. आत भिंतीवर तथागतांची तसबीर, आणि तिच्याखाली एक किरकोळ म्हातारा स्टीलच्या पातेल्यासारख्या गंजात काहीतरी कालवत बसलेला. कुठल्याशा कॉलेजच्या एकांकिकेसाठी तो रक्त करत होता. दोन्ही हात मनगटापर्यंत लाल.

 मुग्धा बोळीतच मटकन खाली बसली आणि तिने गुडघ्यांत डोकं घातलं.

"अगं रंग आहे तो!" मी ओरडलो. "वेडी आहे का तू? ऊठ! लोक पाहून राहिले!"

"भाऊ," आतून म्हातारा म्हणाला, "आधी तुमी आवाज कमी करा."

मला असलं कोणी सांगितलेलं खपत नाही. पण तो माणूस माझ्याकडे पाहतच नव्हता. तो तसाच लाल हातांनी बाहेर आला, गुडघे कुरकुरवत मुग्धापासून दोन हात अंतरावर बोळीत बसला आणि एक बोट चाटून म्हणाला, "गूळ जास्त झाला वाट्टे. सांग बरं माय, मले आता चव समजत नाही."

बऱ्याच वेळाने मुग्धाने एक डोळा वर केला. त्यांनी हात पुढे केला नाही, नुसता गंज तिच्या बाजूला सरकवला. "गुळाचा पाक, खायचा लाल रंग, अन् चिमूटभर कॉफी. कॉफी नाही टाकली तं सरबत दिसते."

मुग्धाने बोट बुडवलं. जिभेला लावलं. "गोड आहे," ती म्हणाली. दीड महिन्यात कुठल्याही पदार्थाबद्दल तिने काढलेला तो पहिला चांगला शब्द होता.

मग लहानूजींनी तिला ती गोष्ट सांगितली. एका गावात नाटक झालं, लहानूजी नेहमीसारखे मेले, कंपनी दुसऱ्या गावाला गेली. दुसऱ्या दिवशी एक माणूस आपल्या पोरीला सायकलवर बसवून दहा कोस आला. म्हणाला, ही काल पुढे बसली होती, तेव्हापासून जेवत नाही, म्हणते ते मामा मेले. लहानूजी तिच्यापुढे जाऊन उभे राहिले, म्हणाले, हे पाह्य, मीच तो. पण मिशी उतरवलेली, तोंड धुतलेलं, अंगावर साधा सदरा. पोरगी म्हणाली, हे ते नाहीत.

"आमची चूक का झाली, ते मंग समजलं," लहानूजी म्हणाले. "मेलेला माणूस आमी पडद्यामागं धुऊन टाकत होतो. लेकरायनं त्याले उठताना पाह्यलंच नव्हतं."

त्या दिवसापासून कंपनीत नेम पडला. पहाटे नाटक संपलं की रंग पुसायच्या आत, रक्ताच्या सदऱ्यासकट, मेलेल्याने रंगमंचावर येऊन बसायचं. आणि ज्याने मारलं त्यानेच चहा आणून त्याला स्वतःच्या हाताने द्यायचा. पोरंसोरं पुढे येऊन पाहायची, कोणी लहानूजींच्या पोटाला हात लावून बघायचं, आणि मगच घरी जायची. त्याला सगळे मेलेल्याचा चहा म्हणायचे. नायकाने नाटकाच्या वेळी उशीर केला तरी मालक चालवून घ्यायचा, पण हा चहा चुकलेला चालत नसे.

तेवढ्यात रुपराव चहा घेऊन आलेच. मग काय विचारता! लहानूजींनी दोऱ्यांच्या डब्यातून सुरा काढला. दाबला की पातं मुठीत जाणारा. रुपरावांनी चहा बाजूला ठेवला, डोळे मोठे केले आणि भर बोळीत लहानूजींचा खून केला. लहानूजी असे काही पडले की दोन हमाल डोक्यावरची गाठोडी घेऊन थांबले. मग रुपरावांनी वाकून त्यांना उठवलं आणि चहाचा कट हातात दिला. मुग्धा हसली. दीड महिन्याने मी तिचे दात पाहिले, आणि मला वाटलं, सुटलो.

तिने हसत हसतच विचारलं, "आबाजी, पपाच्या मोबाईलमधले काका पण असेच उठले असतीन ना?"

"कोणते काका, माय?"

"ते गाडीवाले. दोन जण त्याईले लोखंडी गजानं मारून राहिले होते."

मला तो व्हिडिओ आठवला. कुठल्या तरी दुसऱ्या शहरातला, गाडीला गाडी घासल्यावरून झालेला. खरा. तो माणूस दवाखान्यात पोचला नाही, असं खाली लिहिलेलं होतं. मी मुग्धाच्या मागून लहानूजींना हाताने, डोळ्यांनी, जमेल तशी खूण केली. सांगा, तेही नाटक होतं. एवढं एक वाक्य म्हाताऱ्याने म्हटलं असतं तर माझी पोरगी मोकळी झाली असती.

लहानूजींनी माझी खूण पाहिली. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "नाही माय. ते खरं होतं. तो माणूस उठला नसन."

मला इतका राग आला की सांगता येत नाही. पण पुढचं ऐकून तो राग कुठे गेला कळलं नाही.

"पपा म्हणाले, बरं झालं, असंच पाहिजे," मुग्धा म्हणाली. "मी मागं उभी होती. पपाच्या गाडीवर पण तसाच गज होता. मी तो पाण्याच्या टाकीत टाकला."

"काहून वं?"

"पपा रोज भांडतात. त्याईनं कोणाले मारलं, अन् तो उठला नाही तं?"

माझी पोरगी रस्त्याला भीत नव्हती. मला कोणी मारेल म्हणूनही भीत नव्हती. ती मला भीत होती. शाळा, मॅडम, प्लंबर, सगळ्या जगाला मी जाब विचारून आलो होतो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बोळीतल्या हमालांसमोर रडलो.

लहानूजींनी मला धीर दिला नाही. ते तिलाच म्हणाले, "गज टाकीत टाकला, लय चांगलं केलं." मग विचारलं, "त्या माणसापाशी कोणीच नाही आलं का वं?"

"आली ना. शेवटी एक काकू आली पाण्याची बाटली घेऊन. तिनं त्याईचं डोकं मांडीवर घेतलं."

मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला होता. काकू मला माहीत नव्हती. मार संपला की मी पुढचा लावत होतो.

"पाहा भाऊ," लहानूजी आता माझ्याकडे वळले. "रुपरावनं मले हजार वेळा मारलं, पण राग येऊन एकदाही नाही. मारताना त्याचा हात सगळ्यात हलका असे. आमी लोकायले मरण दाखवत होतो, म्हणून रोज उठून दाखवायचं कामही आमचंच होतं. तुमच्या मोबाईलमंधी कोण उठून दाखवते? तिथं तं चहा पाजणारा कोणीच नाही."

मी मुग्धाला म्हणालो, "चुकलं माझं." तिने मान हलवली आणि चिमणीचे पंख घालून बघायला लागली. मुलं काही नाटकातल्यासारखी लगेच गळ्यात पडत नाहीत. घरी जातानाही तिने मागची कडीच धरली होती.

त्याच संध्याकाळी टाकीत हात घालून गज काढला. दुसऱ्या दिवशी लहानूजींना नेऊन दिला. ग्रुप सोडला. फार मोठा त्याग केला असं नाही, कारण चार-आठ दिवस हात आपोआप मोबाईलकडे जात होता. रस्त्यावर तोंड आवरायला तर त्याहून वेळ लागला. मुग्धाला वचनबिचन दिलं नाही. माझ्यासारख्याच्या वचनावर तिने काय म्हणून विश्वास ठेवायचा?

गॅदरिंग झालं. चिमणी छान नाचली. चार दिवसांनी, दुकानाच्या सुटीच्या दिवशी, ड्रेस परत करायला आम्ही दोघं निघालो. इंदोरा चौकाच्या अलीकडे एका ई-रिक्षाने मागून वळताना माझ्या गाडीला धक्का दिला. इंडिकेटर फुटून लोंबायला लागला. मी गाडी स्टँडला लावली आणि उतरलो. जुनं सगळं एका क्षणात वर आलं. कान तापले, हात आपोआप गाडीच्या पायाशी गेला. तिथे काही नव्हतं.

मी मागे पाहिलं. मुग्धा पंखांची पिशवी छातीशी धरून उभी होती. ती त्या रिक्षावाल्याकडे पाहत नव्हती. माझ्या हातांकडे पाहत होती.

रिक्षावाला खाली उतरला होता. माझ्याच वयाचा, अंगावर मळका स्वेटर. त्याच्या हातात पाना होता, आणि तो एकेक पाऊल मागे सरकत होता. म्हणजे तोही मलाच भीत होता. कोण जाणे, त्याचाही एखादा ग्रुप असेल.

"चहा घेता का?" मी विचारलं.

तो म्हणाला, "काहून?"

"काहून म्हणजे? थंडी आहे. घेऊ चहा."

"गलती अपनी थी भाऊ," तो म्हणाला. "मगर चाय काहे की?" त्याने माझ्या मागून आणखी कोणी येतंय का ते पाहिलं, आणि मग पाना सीटखाली ठेवला. समोरच्या टपरीवरून मी दोन कट आणले. एक त्याच्या हातात दिला. तो अर्धा होईस्तोवर त्याला खात्री नव्हती की यात काही डाव नाही. मग म्हणाला, "आजकल किसी का भरोसा नहीं ना." मी म्हणालो, "माझा तर मुळीच नव्हता." तो हसला. मुग्धाने दोन बिस्किटं खाल्ली आणि त्याला पंख दाखवले.

गाडी सुरू केली. चौक ओलांडला आणि माझ्या पोटावर दोन हात आले. बोटं अजूनही एकमेकांत अडकत नव्हती. मी गाडी वीसच्या वर नेली नाही. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले.

लहानूजींच्या दुकानात माझा तो गज आता दोन खिळ्यांवर आडवा बसवलेला आहे. त्यावर लहान मुलांचे ड्रेस टांगतात. मुग्धाने चिमणी स्वतःच त्यावर अडकवली आणि सगळी हकिकत एका दमात सांगून टाकली. धक्का, पाना, बिस्किटं, सगळं. लहानूजींनी मन लावून ऐकलं. रुपराव शेजारी बसले होते.

"चहा कोणं आणला?" लहानूजींनी विचारलं.

"पपानं. स्वतःच्या हातानं देल्ला."

दोघं म्हातारे एकमेकांकडे पाहून मान हलवत राहिले. घड्याळात पाच वाजत आले होते. रुपराव नेहमीप्रमाणे गुडघ्यावर हात टेकवून उठायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा काकाजी," मी म्हणालो. "आज मी आणतो."